गोश्त कुठून आलं, हे आधी आपणच विचारायला हवं

15 ऑगस्ट 2025 ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं चोवीस तास बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि राज्यभर वाद पेटला. नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर इथूनही असेच आदेश निघाल्याचं समोर आलं. उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी स्वातंत्र्यदिनी अशी बंदी योग्य नाही असं सांगितलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कोण काय खातं यात सरकारला रस नाही, हा नियम 1988 पासूनचा आहे, असा खुलासा केला. आगरी-कोळी समाजानेही नाराजी दाखवली, कारण त्यांच्याही ताटावरचा हा प्रश्न होता.

त्याच पावसाळ्यात कुरेशी बिरादरीने राज्याच्या अनेक जिल्ह्यांत जनावरांची खरेदी आणि कत्तल बंद ठेवली. रस्त्यात गाड्या अडवून मारहाण करणाऱ्या टोळ्यांना कंटाळून हा निर्णय झाला होता. मग लक्षात आलं की कुरेशी बाजारात गेला नाही, तर शेतकऱ्याची भाकड म्हैसही विकली जात नाही. सदाभाऊ खोत यांच्यासारखे शेतकरी नेते उघडपणे बोलू लागले. खासगी माणसांना गाड्या अडवून तपासण्याचा अधिकार नाही, हे सरकारलाही सांगावं लागलं.

या दोन्ही बातम्यांवर आपल्या मोहल्ल्यांत खूप चर्चा झाली. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला नागपूरहून आलेली तिसरी बातमी मागे पडली. गोरेवाडा इथल्या बचाव केंद्रात डिसेंबर 2024 मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण सांगितलं बर्ड फ्लू. वाघाला पक्ष्यांचा रोग कसा झाला? संशय त्यांच्या खाद्यावर, म्हणजे कच्च्या मांसावर गेला.

वरवर पाहता या तीन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण तिघींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: हे गोश्त कुठून आलं आणि ते कोणी तपासलं? हा प्रश्न आज आपल्याला दुसरे विचारतात, कधी पोलीस, कधी झुंड. आपण स्वतः दुकानात उभं राहून तो क्वचितच विचारतो.

कायदा काय सांगतो

आधी कायदा नीट समजून घेऊ, कारण यात अफवा जास्त आणि माहिती कमी आहे. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा 1976 चा. त्यात गायीच्या कत्तलीवर बंदी होती. 2015 च्या मार्चपासून लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हैस-रेड्यावर सरसकट बंदी नाही. तपासणी आणि दाखल्यानंतर ती कत्तल कायदेशीर आहे. म्हणजे मुंबईत आपण ज्याला मोठ्याचं गोश्त म्हणतो, ते रीतसर आलेलं असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. 6 मे 2016 च्या निकालात न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण दोन कलमं रद्द केली. एक, राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम. दुसरं, निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करावं असं सांगणारं कलम. राज्यात बेकायदा कापलेलं मांस बाळगण्याच्या गुन्ह्याबाबतही ते जाणूनबुजून बाळगलेलं असायला हवं, असा अर्थ न्यायालयाने लावला.

सामान्य घराच्या दृष्टीने या निकालातली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. तुम्ही परवाना असलेल्या दुकानातून म्हशीचं गोश्त घेतलं आणि त्याची पावती तुमच्याकडे असेल, तर "मला जे माहीत होतं ते हे" असं सांगायला हातात कागद राहतो. पावती झुंडीला थांबवत नाही, हे खरं. 28 ऑगस्ट 2024 ला धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत इगतपुरीजवळ एका वृद्ध मुसाफिराला डब्यातल्या मांसावरून कशी मारहाण झाली, त्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. ते मुलीच्या घरी निघाले होते. अशा वेळी उपयोगी पडते ती कायद्याची अंमलबजावणी, आणि ती सरकारची जबाबदारी आहे. पण प्रकरण ठाण्यात आणि कोर्टात गेल्यावर पावतीला किंमत असते. मग दोन मिनिटं थांबून ती मागून घ्यायला आपल्याला लाज का वाटते?

मटणाला शिक्का, कोंबडीला काय?

आता दुकानाकडे येऊ. मुंबईचं मोठं कत्तलखानं पूर्वी वांद्र्याला होतं. 1971 पासून ते देवनारला आहे. तिथे जनावर कापण्याआधी पशुवैद्यक त्याला जिवंत पाहतात आणि कापल्यावर आतले अवयव तपासतात. आजारी जनावर बाजूला काढायचं, खराब कलेजी किंवा फुप्फुस नष्ट करायचं आणि चांगल्या मांसावर शिक्का मारायचा, ही पद्धत आहे. परळ-लालबागच्या दुकानात टांगलेल्या बकऱ्याच्या मांडीवर जांभळट शिक्का दिसतो, तो हाच. आखाडातल्या शेवटच्या रविवारी याच दुकानांपुढे मालवणी, कोकणी, घाटावरची घरं रांगेत असतात. त्यांच्यासाठीही तो शिक्काच हमी असतो.

कोंबडीचं तसं नाही. मुंबईत बहुतेक कोंबडी जिवंत येते, पिंजऱ्यात राहते आणि गिऱ्हाइकासमोर दुकानातच कापली जाते. जबीहा डोळ्यांसमोर होतो म्हणून आपल्याला समाधान वाटतं आणि ते रास्त आहे. पण त्या पक्ष्याला कापण्याआधी कोणी डॉक्टर पाहत नाही. कापल्यावर त्याचे अवयवही कोणी तपासत नाही. आणि ज्या-ज्या वेळी मोठ्याचं गोश्त दुर्मीळ होतं किंवा त्याची भीती वाटू लागते, त्या-त्या वेळी घरं कोंबडीकडे वळतात. म्हणजे तपासणी असलेल्या मांसाकडून तपासणी नसलेल्या मांसाकडे आपण सरकतो. बंदीच्या राजकारणाचा हा परिणाम कोणी मोजत नाही.

हे फक्त माणसांच्या बाबतीत घडत नाही. 2015 मध्ये बंदी लागू झाली, तेव्हा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या वाघ-सिंहांनाही नेहमीच्या मांसाऐवजी कोंबडी द्यावी लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा त्यावर विनोद झाले. गोरेवाड्यानंतर तो विनोद राहिला नाही.

मांजरीच्या वाटीत काय आहे?

आपल्या घरांत मांजर पाळणं नवं नाही. मांजर नापाक नाही, ती घरात वावरणारी आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिला बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईचा किस्साही मदरशातल्या मुलांना पाठ असतो. नवं आहे ते कच्च्या आहाराचं फॅड. "जंगलात मांजर शिजवून खाते का?" असं विचारणारे व्हिडिओ मुलं पाहतात आणि कोंबडीचे पंजे, माना, कलेजी कच्चीच मांजरीपुढे ठेवतात. गिरगाव-दादरच्या नव्या टॉवरमधले कुत्रेवाले शेजारीही मटणाच्या दुकानात वजडी आणि फेफडं मागताना दिसतात.

कोंबडीच्या बाबतीत धोका किती खरा आहे, ते पाहा. 2025 च्या सुरुवातीला रायगडमधल्या उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. लातूरच्या उदगीरमध्ये त्याने कावळे मेले. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात तर पाळीव मांजरांतच हा विषाणू सापडला आणि तिथला मांसबाजार बंद करून साफ करावा लागला. अमेरिकेत ओरेगन राज्यात डिसेंबर 2024 मध्ये घराबाहेर न पडणारी एक मांजर मेली. तिला दिलेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीच्या पाकिटात तोच विषाणू सापडला आणि कंपनीला माल परत मागवावा लागला. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. साल्मोनेलासारखे जंतूही फ्रीझरमध्ये टिकून राहतात. नीट शिजवल्यावर मात्र ते मरतात. म्हणून आपल्या ताटातल्या शिजलेल्या कोंबडीला घाबरण्याचं कारण नाही. सांभाळायचं आहे ते कच्चं मांस.

मटणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बकऱ्या-मेंढ्यांच्या आणि म्हशींच्या फुप्फुसात, कलेजीत कधी-कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. या हायडॅटिड रोगाच्या गाठी. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात जंत वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातातून, पाण्यातून, भाजीतून माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वाढते आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. दुकानदार खराब फेफडं गल्लीतल्या कुत्र्यांपुढे फेकतो, तेव्हा त्याला ते सवाबाचं काम वाटतं. गल्लीत खेळणाऱ्या मुलांसाठी तो रोगाचा रस्ता असतो.

गरोदर बाई असलेल्या घराने तर जास्त जपावं. कच्चं मांस खाणाऱ्या मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. म्हणून मांजरीचा रेतीचा डबा घरातल्या दुसऱ्या कुणी रोज साफ करावा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या मुख्य संघटनेने 2012 मध्येच कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नये, अशी भूमिका घेतली. आपल्याकडे परळला 1886 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. रीलवाल्याचं ऐकण्याआधी अशा ठिकाणच्या डॉक्टरांना विचारावं.

मांजरीला मांस हवंच, यात शंका नाही. टॉरीन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर तिचं हृदय आणि डोळे बिघडतात. पण त्यासाठी मांस कच्चं असायला हवं असं नाही. कोंबडीचं दिल आणि मांस मीठ-मसाल्याशिवाय उकडून त्याच पाण्यासकट द्यावं, कारण टॉरीन पाण्यात उतरतं. रोजचा पूर्ण आहार मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. आपल्या सालनातला कांदा-लसूण तिला विषारी आहे. शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात, म्हणून बिर्याणीतली हाडंही नकोत.

हलाल आणि तय्यब

कुरआनात अन्नाबद्दल हलाल आणि तय्यब हे दोन शब्द जोडीने आले आहेत. आपण पहिल्याबद्दल फार जागरूक आहोत. दुसरा, म्हणजे स्वच्छ, निर्मळ, निरोगी, तो आपण दुकानदारावर सोडून दिला आहे. सुरी कोणी चालवली ते विचारतो, पण फळी कधी धुतली ते विचारत नाही.

2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मोठं वादळ उठलं. 6 ऑगस्टला लोकांनी ताडपत्री फाडली, पण उच्च न्यायालयाने सार्वजनिक आरोग्य आधी ठेवलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मुक्या जिवाला खाऊ घालणं पुण्याचं असलं, तरी त्यातून शेजाऱ्याला आजार होता कामा नये. आपल्यातले अनेकजण तेव्हा हे पटवून सांगत होते. तोच नियम गल्लीत फेकलेल्या फेफड्याला आणि मांजरीच्या वाटीलाही लागू होतो.

मग करायचं काय? दुकानात अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला आहे का, ते पाहावं. मटणावर शिक्का पाहावा. मोठ्याचं गोश्त घेतलं तर पावती घ्यावी आणि प्रवासात ती सोबत ठेवावी. मांजरीचं मांस वेगळ्या डब्यात ठेवावं, वेगळ्या सुरीने कापावं आणि शिजवूनच द्यावं. बिरादरीच्या जबाबदार लोकांनी दुकानदारांना सांगावं की पावतीपुस्तक ठेवा, खराब अवयव रस्त्यावर टाकू नका. पावतीपुस्तक आणि धुतलेली फळी ही दुकानदाराची ढाल आहे. "ही दुकानं घाण करतात" असं म्हणणाऱ्यांना त्याहून चांगलं उत्तर नाही. आणि महापालिकेला आपण ठासून विचारावं: वर्षातून एखादा दिवस दुकान बंद ठेवायला आदेश निघतो, मग उरलेले दिवस कोंबडीची तपासणी करायला डॉक्टर का मिळत नाही?

ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. लालबागची मावशी, कोळीवाड्यातली काकू आणि नागपाड्याची खाला एकाच दुकानातून घेतात. तिघींनी मिळून ती केली तर तिला मजहबाचा रंग देणं कोणालाही सोपं जाणार नाही. सुरुवात मात्र आपल्या पिशवीपासून होईल. येत्या जुम्म्याला गोश्त घ्यायला जाल तेव्हा भावाआधी एवढंच विचारा: भाई, हे कुठून आलं?