‘नवे मॉडेल येणार’ : व्यापाऱ्याने थांबावे की घ्यावे?

सांगलीची गणपती पेठ असो, मिरजेची सतारमेकर गल्ली असो, साताऱ्याचा मोती चौक असो की कराडची बाजारपेठ, दुकानासाठी लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला की हल्ली एकच सल्ला ऐकू येतो : ‘थांबा, नवे मॉडेल येतंय.’ सल्ला देणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही की, भाई, हे तुम्हाला कोणी सांगितले? मोबाइलवर कोणीतरी काहीतरी पाहिलेले असते, त्याने दुसऱ्याला सांगितलेले असते आणि पेठेत येईपर्यंत अंदाजाची बातमी व बातमीची खात्री झालेली असते. या अफवांपायी आमचे अनेक व्यापारी व कारागीर बंधू महिनोन् महिने हात बांधून बसतात. वाट पाहण्यालाही किंमत पडते आणि ती किंमत कोणी वहीत लिहीत नाही, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

आपल्या भागाला अंदाजाचा व्यापार नवा नाही. सांगलीत हळदीचा वायदेबाजार चालत असे. हरिपूरच्या पेवांत हळद भरून ठेवायची आणि भाव आला की काढायची, ही पद्धत आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहे. २००५ च्या महापुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले, तरी ‘माल दाबून ठेवला, थांबलो, म्हणून कमावले’ हे गणित आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरालाही थांबण्याचे मोल ठाऊक आहे. भोपळा नीट वाळल्याशिवाय सतारीला आवाज येत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु लॅपटॉप ही हळद नव्हे आणि भोपळाही नव्हे. तो पेवात ठेवून वाढत नाही आणि वाळवून सुधारत नाही. तो कामाचे हत्यार आहे, आणि हत्याराचा हिशेब मालाच्या हिशेबाहून वेगळा असतो.

आता या अफवांचा इतिहास पाहू. पातळ लॅपटॉपची हवा खऱ्या अर्थाने जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला होता. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हे नाव काढले आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. तेव्हापासून पुढचे मॉडेल कधी येणार, याचे अंदाज बांधणे हा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला आहे.

हे अंदाज कितपत खरे ठरतात? याच एअर मॉडेलच्या तारखा पाहा. मार्च २०२० मध्ये एक मॉडेल आले आणि आठच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, एम-१ चिपचे आले. पुढचे एम-२ मॉडेल जाहीर व्हायला जून २०२२ उजाडला, म्हणजे एकोणीस महिने गेले. त्यानंतर एम-३ मार्च २०२४ मध्ये, म्हणजे एकवीस महिन्यांनी, आणि एम-४ मार्च २०२५ मध्ये, म्हणजे बारा महिन्यांनी. आठ, एकोणीस, एकवीस, बारा! या आकड्यांवरून जो पुढची तारीख छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे पावसाचा अंदाजही विचारायला हरकत नाही. २०२१ मध्ये तर रंगीबेरंगी मॉडेल येणार, पांढरा कीबोर्ड येणार, असा मोठा गाजावाजा झाला होता. मॉडेल आले ते पुढच्या वर्षी, साध्या चार रंगांत आणि काळ्या कीबोर्डासह.

भावाचे काय झाले, हे व्यापाऱ्याने विशेष लक्षात घ्यावे. एम-१ एअरची भारतातील सुरुवातीची किंमत ९२,९०० रुपये होती. ‘थांबू या’ म्हणणाऱ्यांसमोर एम-२ आला तो १,१९,९०० रुपयांना. म्हणजे थांबण्याचे बक्षीस म्हणून २७,००० रुपये जास्त मोजावे लागले. इतकेच नव्हे, तर त्याच वेळी जुन्या एम-१ ची अधिकृत किंमतही ९९,९०० रुपये करण्यात आली. नवे आले की जुने स्वस्त होते, हा नियम तेथे साफ खोटा ठरला.

मात्र एकच बाजू सांगणे इमानदारीचे होणार नाही. थांबणाऱ्यांचा फायदाही झालेला आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने त्याच किमतीत ८ जीबीऐवजी १६ जीबी मेमरी देण्यास सुरुवात केली. ज्याने सप्टेंबरमध्ये खरेदी केली, त्याला तेवढ्याच पैशांत निम्मी मेमरी मिळाली. एम-३ ची सुरुवातीची किंमत १,१४,९०० रुपये होती, तर एम-४ ९९,९०० रुपयांना आला. येथे थांबणारा १५,००० रुपयांनी जिंकला. थोडक्यात, कधी फायदा तर कधी तोटा. ज्या गोष्टीत दोन्ही शक्यता सारख्याच आहेत, तिच्यावर धंद्याचे काम अडवून ठेवणे हा शहाणपणा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय किमती ठरवणाऱ्या शक्ती आपल्या पेठेपासून फार दूर असतात. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले, ओरड झाल्यावर ते पुढे ढकलले आणि १ नोव्हेंबरपासून त्याऐवजी ऑनलाइन नोंदणी व मंजुरीची पद्धत आणली. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणक केंद्रांनी तो माल उचलायला सुरुवात केली. मोबाइलवर अफवा पसरवणाऱ्यांपैकी कितीजणांनी याची कल्पना आधी दिली होती?

तेव्हा प्रश्न ‘नवे कधी येणार’ हा नसून ‘माझे काम काय आहे’ हा आहे. येथे आमच्या वाचकांनी पातळपणाच्या मोहापासून सावध राहावे. ज्याचा हिशेब टॅलीवर चालतो, त्याने लक्षात ठेवावे की टॅलीची संगणकावर बसवायची आवृत्ती विंडोजसाठी आहे. ॲपलच्या यंत्रावर ती थेट बसत नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था आणि वेगळा खर्च करावा लागतो. लग्नपत्रिका व हँडबिले छापणारे आपले अनेक बंधू मराठीसाठी श्रीलिपी आणि उर्दूसाठी इनपेज वापरतात. ही कामेही विंडोजच्या घरातली आहेत. जून २०२४ पासून विंडोजचेच, पण मोबाइलसारख्या चिपवर चालणारे नवे पातळ लॅपटॉप बाजारात आले. त्यांची बॅटरी दिवसभर पुरते हे खरे. मात्र जुना प्रिंटर, डोंगलवर उघडणारे जुने सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीची किल्ली त्यावर चालेलच असे नाही. दुकानात आपला डोंगल आणि आपली सहीची किल्ली घेऊन जावे, चालवून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत. यात लाजण्यासारखे काही नाही. गिऱ्हाईक आपल्याकडेही कापड बोटांनी चोळूनच घेते.

दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक पातळ यंत्रांत मेमरी आत पक्की डाग दिलेली असते. नंतर ‘वाढवून घेऊ’ म्हणता येत नाही. म्हणून घेतानाच १६ जीबी घ्यावी. थोडे जाड यंत्र चालत असेल, तर मेमरी व डिस्क बदलता येणारे घ्यावे. त्याची दुरुस्ती सांगलीत किंवा साताऱ्यातच होण्याची शक्यता जास्त असते.

तिसरी गोष्ट, अगदी नव्या घडणीच्या पहिल्या मॉडेलमागे धावू नये. ॲपलने २०१५ पासून कीबोर्ड पातळ करण्यासाठी नवी रचना आणली. बारीक कचरा गेला तरी अक्षरे अडकत, अशा तक्रारी वाढल्या. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि मार्च २०२० च्या एअरमध्ये जुनी रचना परत आली. हळदीची भुकटी, लाकडाचा भुसा आणि कापडाचे तंतू उडत असलेल्या आपल्या दुकानांत असे नाजूक यंत्र किती दिवस टिकले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता वाट पाहण्याची किंमत वहीत मांडू. उदाहरणादाखल, एका छपाईवाल्याकडे यंत्र नाही म्हणून तो अक्षरजुळणी बाहेरून करून घेतो आणि त्यासाठी रोज ३०० रुपये देतो असे धरू. महिन्याला २५ दिवस कामाचे, आणि नव्या मॉडेलसाठी तो चार महिने थांबला. ३०० गुणिले १००, म्हणजे ३०,००० रुपये बाहेर गेले. नवे मॉडेल १५,००० रुपयांनी स्वस्त मिळाले तरी तो १५,००० रुपयांच्या तोट्यातच राहिला. याउलट, ज्याचे जुने यंत्र व्यवस्थित चालते आणि ज्याला केवळ नवे हवे आहे, त्याचा वाट पाहण्याचा रोजचा खर्च शून्य आहे. त्याने खुशाल थांबावे. फक्त त्या यंत्रावर विंडोज १० असेल, तर कंपनीने त्याचा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला आहे, हे विसरू नये. ज्या यंत्रावरून आपण बँक आणि जीएसटीचे पोर्टल उघडतो, ते असुरक्षित ठेवणे म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावता नमाजला जाण्यासारखे आहे.

अफवेच्या नादात आमच्या बंधूंचे लक्ष जेथे खरे पैसे आहेत, तेथे जात नाही. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ९९,९०० रुपयांच्या यंत्रात सुमारे १५,२३९ रुपये कराचेच असतात. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी यंत्र घेताना बिलावर आपल्या दुकानाचे नाव व क्रमांक घातला, तर हा कर त्याला वळता करून मिळतो. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तो मिळत नाही. मात्र पुष्कळजण मुलाच्या नावावर ऑनलाइन सेलमध्ये घेतात, दोन हजार वाचले म्हणून खूश होतात आणि पंधरा हजारांवर पाणी सोडतात. तसेच प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल, तर तो निम्मा होतो. म्हणून नियमित हिशेब ठेवणाऱ्याने सप्टेंबर संपण्यापूर्वी घेतलेले यंत्र आणि दिवाळीत घेतलेले यंत्र यांत फरक पडतो. ठोक टक्केवारीने नफा दाखवणाऱ्यांना मात्र घसारा वेगळा मिळत नाही. आपल्या कर सल्लागाराला हे दोन प्रश्न विचारणे, दहा अफवा ऐकण्यापेक्षा अधिक किफायतीचे ठरेल.

हप्त्यांविषयीही दोन शब्द. ‘विनाव्याज हप्ते’ अशी पाटी दिसली की आमचे अनेक वाचक निर्धास्त होतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज ही कल्पना खरी नसल्याचे बँकांना बजावले होते. अशा योजनांत बहुधा व्याजाइतकी सूट आधी किमतीत दाखवतात आणि बँक व्याज लावतेच. त्या व्याजावर जीएसटीही आकारला जातो. ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे, त्यांनी कागद नीट वाचावा, आणि रोखीने घेणाऱ्यास किती सूट, हे आधी विचारावे. पैसे मात्र बँकेमार्फतच द्यावेत. कारण धंद्याच्या यंत्रासाठी दहा हजारांहून अधिक रक्कम एका दिवसात नोटांनी दिली, तर ती रक्कम प्राप्तिकरात त्या यंत्राच्या किमतीत धरली जात नाही.

शेवटी, जे बंधू स्वतः संगणक विकतात त्यांच्यासाठी. ही अफवा त्यांच्या दुकानाला सर्वांत आधी लागते. अमेरिकेत ओसबोर्न नावाच्या कंपनीने १९८१ मध्ये उचलून नेता येणारा संगणक काढला आणि तो जोरात खपला. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलचा बोलबाला आधीच झाला, विक्रेत्यांनी जुन्याची मागणी थांबवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळे काढले. तिच्या बुडण्याला इतरही कारणे होती, तरी विक्रेत्यांनी घ्यायचा धडा साफ आहे. महागड्या पातळ यंत्रांचा साठा करू नये. एखादे दाखवण्यापुरते ठेवावे आणि मागणीप्रमाणे मागवावे. शिल्लक जुना माल विकताना तो जुना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून भाव कमी करावा. माल जुना असल्याने गिऱ्हाईक तुटत नाही, तो लपवल्याने तुटते.

आमच्या वाचकांना आमची सूचना एवढीच आहे. काम अडले असेल तर आज घ्या, काम चालू असेल तर थांबा. कंपनीने स्वतः तारीख व भाव जाहीर केला असेल आणि तो दिवस दोन-चार आठवड्यांवर असेल, तर तेवढे थांबणे शहाणपणाचे आहे. बाकी सगळी हवा आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या हळदीला ते त्याआधीच मिळालेले आहे. या नावाचा फायदा घेऊन थेट गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार करायचा, फोटो पाठवायचे, बिल करायचे, तर हातात चालते यंत्र लागते. ते दीड सेंटिमीटर जाडीचे आहे की दोन, हे परगावचे गिऱ्हाईक विचारणार नाही. त्याच्या पत्राला उत्तर त्याच दिवशी गेले की नाही, एवढेच ते पाहील.