गोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

शाळा सुटल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी दाराशी उभी होती. पोरगा मुंबईला कामाला गेला, तिथे गर्दच्या नादी लागला, सुईपर्यंत पोहोचला. आता कोल्हापुरात परतलाय. आठ महिने बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतो आणि रोज कामावर जातो. अम्मी म्हणाल्या, "सर, लोक म्हणतात या गोळीनं लिव्हर जातं, शुगर होते. बंद करू का?"

आम्ही डॉक्टर नाही. म्हणून जाणकारांना विचारले, वाचले आणि मगच उत्तर दिले.

अमेरिकेत २०१३ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्या ७३१ जणांच्या यकृताच्या तपासण्या २४ आठवडे केल्या होत्या. या औषधांनी यकृत बिघडल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी नाल्ट्रेक्सोनच्या वेष्टनावरचा यकृताबद्दलचा ठळक इशाराही तिथल्या सरकारने काढला. रोजची मात्रा ५० मिलिग्रॅम असते. धोका दिसला होता तो त्याच्या कितीतरी पट मात्रेत.

मग लिव्हर बिघडते कशाने? बहुतेक वेळा जुन्या सुईने. एकच सुई चौघांनी वापरली की हेपटायटिस बी आणि सी रक्तात शिरतात आणि वर्षानुवर्षे गप्प बसतात. सोबत दारू असेल तर विचारूच नका. गोळी कुटून टोचून घेतली, तर मात्र तीही यकृताला इजा करू शकते. ज्याचे यकृत आधीच खूप खराब आहे, त्याची मात्रा डॉक्टर बदलतात.

साखरेचे म्हणाल, तर मेथाडोनने, विशेषतः मात्रा वाढवताना, साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ आली तर लगेच तपासावी. दुसरीकडे, नशा सुटलेल्यांना गोडाची ओढ लागते, वजन वाढते. दिवसाला चार-पाच गोड चहा आणि वर जिलेबी, मग दोष गोळीला! मधुमेह असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून सेहरी-इफ्तारच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

गोळी मनाने बंद करणे मात्र सर्वांत घातक. तलफ परत येते, आणि सवय मोडलेल्या शरीराला गर्दची जुनी मात्रा जीव घेणारी ठरते.

आम्ही अम्मींना एवढेच सांगितले: गोळी राहू द्या, रक्त तपासा. यकृताची तपासणी, हेपटायटिस बी-सी, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटिसची तपासणी व औषध सरकारी रुग्णालयात मोफत आहे.

रिपोर्टमध्ये साखर ठीक निघाली, पण हेपटायटिस सी सापडला. बारा आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. हा आजार बरा होतो. त्या दिवशी जिभेखालची गोळी बंद केली असती, तर सुईने दिलेला आजार तसाच राहिला असता आणि सुईही परत आली असती.

घरात कुणी या वाटेवर असेल तर लाजू नका. १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारा.