वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

तालुक्याच्या कोर्टातले बहुतेक वकील एकटेच काम करतात. एक गाळा, एखादा ज्युनिअर, फार तर एक कारकून. सकाळी दिवाणी कोर्टात हजेरी, दुपारी तहसीलदारांपुढे फेरफाराची सुनावणी, संध्याकाळी पक्षकारांची रीघ आणि रात्री उद्याच्या दाव्यांचं लिखाण. सामान्य माणसाचं जमिनीचं, पोटगीचं, भाडेकरूचं भांडण याच वकिलाच्या हाती असतं. त्याच्याबद्दल लोकांना विचारलं तर कुणी ‘देवमाणूस’ म्हणतो, तर कुणी ‘बुडवलं आम्हाला’ म्हणतो.

माझ्या मावशीने हे दोन्ही अनुभव एकाच दाव्यात घेतले. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपासाठी तिने दावा लावला होता. पहिल्या वकिलांनी फी रोख घेतली, पावती दिली नाही. फोन केला की ‘तारीख पडली’ एवढंच उत्तर यायचं. शेवटी तिने रोजनाम्याची नक्कल काढली. त्यात तारखेमागून तारखेला एकच ओळ होती : ‘वादी व वादीचे वकील गैरहजर’. शेवटच्या नोंदीत दावा गैरहजेरीत काढून टाकल्याचं लिहिलं होतं. असा दावा परत बोर्डावर घेण्यासाठी 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. ती मुदतही टळून गेली होती.

दुसरे वकीलही एकटेच काम करणारे. त्यांनी सातबारा आणि फेरफार ओळीओळीवर बोट ठेवून वाचले आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, हे लांबणार आहे. निकालाचा शब्द मी देत नाही.” विलंब माफीचा अर्ज करून त्यांनी दावा पुन्हा चालू करून घेतला. आता प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी त्यांचा दोन ओळींचा निरोप येतो : आज काय झालं, पुढची तारीख कधी आणि कशासाठी. दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही, तरी मावशीची या वकिलांबद्दल काही तक्रार नाही. माझं मत त्यावरूनच बनलं. हरण्याचं दुःख माणूस पचवतो. आपल्याच दाव्याचं काय चाललंय हे कळू नये, हे त्याला पचत नाही.

वकिलांची बाजूही खरी आहे. बोर्डावर ढीगभर प्रकरणं असतात, न्यायाधीश रजेवर असतात, पक्षकार महत्त्वाचा कागद ऐन साक्षीच्या दिवशी पिशवीतून काढतात आणि ठरलेली फी वर्षानुवर्षं देत नाहीत. एकट्या माणसाची यात ओढाताण होते, हे मान्य. पण दोन ओळींच्या निरोपाला मोठं ऑफिस लागत नाही.

आधी सावध राहायचं ते यासाठी, की नंतरचे रस्ते अरुंद आहेत. वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये स्पष्ट केलं. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. समज देण्यापासून सनद निलंबित किंवा रद्द करण्यापर्यंतची कारवाई तिथे होऊ शकते. पण त्यासाठी पुरावा लागतो, आणि पावतीच नसेल तर दाखवणार काय? फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलं आहे. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा करार करायलाही वकिलांना बंदी आहे. असा प्रस्ताव आला तर तिथून उठावं. वकील बदलायचा असेल तर जुन्या वकिलाची संमती घेण्याची रीत आहे, आणि ती मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी मागता येते.

फी परवडत नसेल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा 15100 या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते.

तेव्हा वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी फी टप्प्याटप्प्याने किती ते लिहून घ्या, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा, मूळ कागद स्वतःजवळ ठेवून प्रती द्या. दावा दाखल झाला की त्याचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपली तारीख आपणच बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा दावा चालू असेल, तर त्यांच्यासाठी हे काम तुम्ही करा. आणि वकील मंडळींना हात जोडून विनंती : तारीख झाली की संध्याकाळी पक्षकाराला दोन ओळी कळवा.