ट्रंकचं सोवळं

आमच्या धंद्यात एक जमात आहे. कोडची शेवटची ओळ स्वतः कधी लिहिली हे या मंडळींना आठवत नाही, पण कोड कुठे नि कसा ठेवायचा याचे फतवे तीच काढते. त्यातला ठरलेला फतवा असा: "आपली रिपॉझिटरी सबव्हर्जनवर आहे, कुणीही गिट वापरायचं नाही, कंट्रोल राहत नाही."

कसला डोंबलाचा कंट्रोल! सबव्हर्जनमध्ये कमिट मारला की तो थेट सर्व्हरवर जातो. अर्धवट काम टाकलं आणि बिल्ड फुटला, तर टीम लीड चारचौघांत काढतो. मग पोरं काम दाबून ठेवतात. लॅपटॉपवर 'चालू', 'चालू नवा', 'चालू नवा खरा' असे फोल्डर वाढत जातात आणि शुक्रवारी संध्याकाळी एकच अगडबंब कमिट पडतो. त्यावरचा शेरा: 'बग फिक्सेस'. सहा महिन्यांनी एखादी अट का बदलली हे शोधायला जा, हाती तेवढे दोन शब्द लागतात. त्यात कमिटआधी अपडेट घ्यावं तर दुसऱ्याचे बदल तुमच्या न नोंदलेल्या फायलींत येऊन मिसळतात. कॉन्फ्लिक्ट सोडवून 'रिझॉल्व्ह्ड' म्हटलंत आणि मग चूक लक्षात आली, तर परतायला जागाच नाही. आधीची अवस्था कुणी नोंदलीच नव्हती.

म्हणजे सर्व्हरवरची मुख्य शाखा, ट्रंक, सोवळ्यात आणि खरा इतिहास लॅपटॉपवर, बॅकअपविना. नाकाने कांदे सोलायचे तरी किती?

टोरवाल्ड्सने 2005 मध्ये गिट लिहिलं आणि सबव्हर्जनशी बोलणारं गिट-एसव्हीएन लवकरच गिटसोबत मिळू लागलं. सर्व्हर जिथल्या तिथे राहतो. तुम्ही आपल्या मशीनवर हव्या तितक्या ब्रँच काढा, छोटे छोटे कमिट करा, रिबेस करा, आणि काम नीट झालं की डीकमिट करून ते सबव्हर्जनला पाठवा. सर्व्हरला एकामागून एक स्वच्छ रिव्हिजन दिसतात, प्रत्येकीला स्वतःचा शेरा. एलएलव्हीएम हा कंपायलर प्रकल्प 2019 मध्ये आणि वेबकिट हे ब्राउझर इंजिन 2022 मध्ये पूर्ण गिटवर गेलं. त्याआधी कितीतरी वर्षं तिथली बरीच मंडळी मध्यवर्ती सबव्हर्जनवर असंच काम करत होती. तिथे कुणाचा कंट्रोल सुटला नाही. आमच्या बिलिंग मॉड्यूलचा मात्र सुटणार म्हणे!

गिटभक्तांनीही फार हसू नये. दोन व्हिडिओ पाहून आलेला पठ्ठ्या मर्ज करून बिनदिक्कत डीकमिट करतो आणि ब्रँचचा सगळा इतिहास एका रिव्हिजनमध्ये चेपून टाकतो. डीकमिट प्रत्येक कमिटला सबव्हर्जनच्या रिव्हिजनची खूण लावून तो नव्याने लिहितं, त्यामुळे त्याचा हॅश बदलतो. तोच कमिट आधी शेजारच्याला दिला असेल, तर पुढचा गोंधळ दोघांनी मिळून निस्तरायचा. म्हणून इतिहास सरळ रेषेत ठेवायचा आणि देवघेव सर्व्हरमार्फतच करायची. दुसरीकडचे फोल्डर जोडणारे सबव्हर्जनचे एक्स्टर्नल्स गिट-एसव्हीएनच्या पुलावरून येत नाहीत, त्यांची सोय वेगळी. आणि डिझायनरच्या जडशीळ फायलींना लॉक हवा असेल, किंवा फोल्डरनिहाय परवानग्या हव्या असतील, तर सबव्हर्जन आजही सरस आहे. मी ते काढून टाका म्हणतच नाही.

माझं भांडण बंदीशी आहे. बंदीने गिट थांबत नाही, ते फक्त लपतं. ज्याला येतं तो गुपचूप वापरतो, शेजारच्या नव्या पोरीला शिकवत नाही, कारण पकडलं गेलं तर मेमो. ती बिचारी फोल्डरांच्या नकला काढत बसते.

उद्या एखाद्या परदेशी क्लायंटने गिट मागितलं की हीच जमात 'गिट ट्रान्सफॉर्मेशन' नावाचं प्रेझेंटेशन घेऊन उभी राहील. स्लाइड कुणाकडून करून घेतील? ज्याला मेमो दिला होता, त्याच्याकडूनच. तेही शनिवारी बोलावून.