'अकाउंट' नावाची थाप

मंडळी, या विकांताला जरा भांडायचंय. क्रिप्टोशी नाही हं. बिटकॉइन म्हणजे सोनं की निव्वळ जुगार, यावर आधीच भरपूर शाई सांडून झालीय, आणि २०२२ पासून सरकार नफ्यावर ३० टक्के कर लावतंय, त्यामुळे तो वाद निदान आयकर खात्यापुरता तरी मिटलाय :-) माझं भांडण एका शब्दाशी आहे. 'अकाउंट'.

हार्डवेअर वॉलेट म्हणजे ते पेनड्राइव्हएवढं यंत्र. त्याचं सॉफ्टवेअर उघडलं की यादी दिसते: बिटकॉइन १, इथेरियम १, इथेरियम २. अगदी बँकेच्या पासबुकासारखी. बघणारा साहजिकच धरून चालतो की आपली तीन खाती कुठेतरी नोंदलेली आहेत. कुठे? यंत्रात? कंपनीच्या सर्व्हरवर? ब्लॉकचेनवर? कुठेच नाहीत! फार तर ती यादी तुमच्या लॅपटॉपवर असते, आणि लॅपटॉप बदलला की तीही गेली.

यंत्रात असतं फक्त एक बी. एक मोठ्ठा आकडा. तो माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून २०४८ शब्दांच्या ठराविक यादीतले १२ किंवा २४ शब्द आपल्याला देतात. या एका बीपासून किल्ल्यांचं आख्खं झाड कसं उगवायचं, ते २०१२ साली पीटर व्हुइले यांनी 'बिप ३२' या प्रस्तावात मांडलं. मग २०१४ मध्ये 'बिप ४४' आला, तो प्रागच्या ट्रेझॉरवाल्या मारेक पालातिनुस आणि पावोल रुसनाक यांचा. त्यांनी या झाडाच्या फांद्यांना क्रमांक द्यायची पद्धत ठरवली. ती अशी दिसते: ४४'/०'/०'/०/०.

घाबरू नका, हा सोसायटीचा पत्ता आहे. पहिला आकडा कॉलनीचा (कुठला नियम वापरला), दुसरा इमारतीचा (बिटकॉइनचा ०, इथेरियमचा ६०), तिसरा विंगचा. चौथा आकडा म्हणजे पुढचं दार की मागचं, म्हणजे लोकांकडून पैसे घ्यायचा पत्ता की स्वतःचे सुटे परत यायचा. पाचवा खोली क्रमांक. सॉफ्टवेअर ज्याला दिमाखात 'अकाउंट' म्हणतं तो यातला फक्त तिसरा आकडा!

म्हणजे 'ॲड अकाउंट' दाबल्यावर काहीही तयार होत नाही. एका बिटकॉइनच्या इमारतीतच अशा सुमारे २१४ कोटी विंगा गणितानं आधीपासून ठरलेल्या आहेत. तुम्ही फक्त पुढच्या विंगेत डोकावता. आणि डिलीट केलंत तर खिडकी बंद होते, खोली तिथेच.

बरं, शब्द चुकला म्हणून एवढा त्रागा कशाला? सांगतो.

हापिसातला एक मित्र, नाव कशाला. त्याची एका यंत्रावर इथेरियमची दोन खाती होती. दुसऱ्यात साधारण सव्वातीन लाख. तेच यंत्र त्यानं दुसऱ्या एका वॉलेट सॉफ्टवेअरला जोडलं. पहिलं खातं बरोबर दिसलं. दुसऱ्याचा पत्ता भलताच, शिल्लक शून्य. रात्री साडेअकराला बिचाऱ्यानं गूगल केलं, पहिल्याच दुव्यावर 'सपोर्ट'चा चॅट उघडला, तिथल्या गोड बोलणाऱ्या इसमानं 'वॉलेट सिंक' करायला २४ शब्द मागितले... पुढचं सांगायला नको. पैसे तोवर जागेवरच होते. शब्द दिल्यावर गेले.

आता यात काय झालं असेल ते बघा. इथेरियमची दुसरी खोली मोजायच्या एकाहून जास्त रीती आहेत. लेजरचं सॉफ्टवेअर (आधीचं लेजर लाइव्ह) दुसऱ्या खात्यासाठी विंग बदलतं: ४४'/६०'/१'/०/०. मेटामास्क आणि ट्रेझॉर विंग तीच ठेवून खोली बदलतात: ४४'/६०'/०'/०/१. शिवाय लेजरची आणखी एक जुनी पद्धत आहे, तिच्यात एक पायरीच कमी! पहिल्या दोन रीतींत पहिलं खातं एकसारखंच येतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्याला गचका बसतो. मेटामास्कला लेजर जोडताना यातली पद्धत निवडायचा एक छोटासा पर्याय असतो. त्याचा अर्थ ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो कळतो, बाकीच्यांना ती रेल्वेच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं.

बिटकॉइनमध्येही कॉलन्या चार. १ ने सुरू होणारे जुने पत्ते ४४ मध्ये, ३ वाले ४९ मध्ये, 'बीसी१क्यू'वाले ८४ मध्ये आणि २०२१ नंतरचे टॅपरूटचे 'बीसी१पी'वाले ८६ मध्ये. बी तीच, पण चुकीच्या कॉलनीत शोधलं तर शून्य. शिवाय नियमानुसार सॉफ्टवेअर सलग २० न वापरलेल्या खोल्या बघून थांबतं. एखाद्या दुकानदारानं प्रत्येक ऑर्डरला नवा पत्ता दिला आणि मधल्या वीस गिऱ्हाइकांनी टांग मारली, तर एकविसाव्यानं भरलेले पैसे पडद्यावर येतच नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "साध्या माणसाला हे कशाला सांगायचं? यूपीआय वापरताना आतलं स्विच कसं चालतं ते कुठे माहीत असतं?" अहो, पण यूपीआयमागे बँक आहे, शाखा आहे, तक्रारीला लोकपाल आहे. इथे तुमची आख्खी जाहिरातच 'स्वतःची बँक स्वतः व्हा' अशी. म्हणजे मला मॅनेजर करायचं आणि तिजोरीचा नकाशा मात्र 'ॲडव्हान्स्ड'खाली दडवायचा? सोपं करून सांगणं वेगळं आणि खोटं चित्र दाखवणं वेगळं. इलेक्ट्रम आणि स्पॅरो हा मार्ग सरळ दाखवतात, इलेक्ट्रम तर जुनी खाती शोधूनही देतो. त्यांचे वापरकर्ते काही वेडे झालेले नाहीत.

याच थापेतून दुसरी गैरसमजूत जन्मते. 'रिसीव्ह' दाबलं की बिटकॉइनचा पत्ता बदललेला दिसतो आणि लोकांना वाटतं जुना बाद झाला. नाही हो, जुनाही चालतोच. पत्ता बदलायचा तो लोकांनी तुमचे सगळे व्यवहार एका माळेत ओवू नयेत म्हणून. सातोशीच्या २००८ च्या मूळ लेखातच दर व्यवहाराला नवी जोडी वापरा असं सांगितलंय. आणि इकडे लोक काय करतात, तर कराचा हिशेब लावायला 'एक्सपब' नावाची लांबलचक ओळ कुठल्याही ॲपला देऊन टाकतात. त्या ओळीनं पैसे काढता येत नाहीत हे खरं. पण त्या विंगेतली झाडून सगळी खोल्यांची दारं, मागची आणि पुढे कधीतरी वापराल तीही, समोरच्याला दिसतात. खात्याचा नंबर दिल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात दिलेलं असतं पुढच्या सगळ्या पानांसकट पासबुक.

मला सगळ्यात राग येतो तो त्या खोक्यातल्या कार्डाचा. मी पाहिलेल्या कार्डांवर २४ शब्दांना २४ रेघा असतात, मार्गाला एकही नाही. उद्या माणूस गेला, घरच्यांना कपाटात ते कार्ड सापडलं आणि त्यांनी शब्द भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये घातले तर? शून्य दिसणार. "होतं ते उडवलं वाटतं पोरानं," म्हणत कार्ड रद्दीत. कॉलनी कुठली, विंगा किती, कुठलं सॉफ्टवेअर, एवढी एक ओळ हवी. माझ्या कार्डाच्या मागे मी बॉलपेननं लिहून ठेवलीय. कंपन्यांना छापायला काय जड जातं?

ता.क. : पैसे मागवताना पत्ता संगणकाच्या पडद्यावरून उचलून तसाच पाठवू नका. यंत्राच्या छोट्या पडद्यावर तोच दिसतोय का ते आधी जुळवा, पहिली चार अक्षरं नव्हे, सगळी. शेवटी आणि सुरुवातीला सारखे दिसणारे पत्ते मुद्दाम बनवणारे महाभाग आहेत.