बातमी उठली, बंदी तशीच

फेब्रुवारी २०२४ चा तो आठवडा कांदेवाले विसरले नसतील. निर्यातबंदी उठली, अशी बातमी रविवारी मोबाईलवर फिरली. शनिवारी लासलगावला सर्वसाधारण दर क्विंटलला १,२८० होता, सोमवारी तो १,८०० झाला. मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं, बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे. मार्चमध्ये ती आणखी वाढवली. उठली ती ४ मे ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून.

सोमवारी ज्याची गाडी मार्केटला होती त्याचं जमलं. पण "अजून वाढंल" म्हणून ज्यानं काढणी थांबवली त्याचं काय? तो काही उन्हाळी कांदा नव्हता चाळीत ठेवायला. लाल नि रांगडा माल, तो थांबत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. निर्यात आणि शुल्काच्या बाबतीत अधिसूचना निघेपर्यंत सगळी नुसती चर्चा. मग ती नेत्यानं सांगितलेली असो की चॅनलनं. अधिसूचनेला नंबर असतो, तारीख असते, आणि निर्यातीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाईटवर फुकट बघायला मिळते. इंग्रजी जड जात असेल तर शिकणाऱ्या पोराला वाचायला लावा, एक-दोन पानांचं काम असतं.

बाजारभावाचंही तसंच. समजा आवक १५ हजार क्विंटल, कमीत कमी ५००, जास्तीत जास्त २,१००, सर्वसाधारण १,२५०. व्हिडिओवर मोठ्या अक्षरात काय येणार? "कांदा २,१०० पार!" तो दर चार-दोन वक्कलांना मिळालेला असतो. पणन मंडळाच्या वेबसाईटवर बाजार समितीनिहाय आवक आणि तिन्ही दर रोज असतात. आपण सर्वसाधारण दर बघायचा, आणि आवक बघायची. आवक न सांगता नुसता भाव सांगणाऱ्याचं चॅनल मी तरी बंद केलंय.

पावसाबद्दल थोडक्यात. हवामान खात्याचा एप्रिलचा मान्सून अंदाज अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा असतो, त्यावर आपल्या शिवारातली पेरणी ठरत नाही. त्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला वाचावा, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल किती खोल गेली ते स्वतः खणून बघावं.

आता राहिला मोबाईल. सकाळी हवामान, संध्याकाळी भाव, दोन्ही मिळून वीस मिनिटं पुरतात. दुपारी फवारणी चालू असताना ग्रुप उघडून तसाही भाव वाढत नाही. आणि एक, "ब्रेकिंग" म्हणून कुणी काही टाकलं तर भांडू नका. फक्त विचारा, "दादा, तारीख कुठली?" आमच्या ग्रुपवर निम्मे मेसेज तिथंच गप होतात.