भागवंतीला कुणी हसलं नाही

कुटुंबनियोजनाचा प्रचार करायला निघालेली मालिका शेवटी नूडल्सच्या जास्त कामी आली. ‘हम लोग’ची ही गंमत चाळीस वर्षांनंतरही सांगण्यासारखी आहे.

माहिती व नभोवाणी खातं सांभाळणारे वसंत साठे 1982 मध्ये मेक्सिकोला गेले होते. तिथे मिगेल साबिडो हा निर्माता प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन असे रुक्ष विषय रोजच्या रडारडीच्या मालिकांत मिसळून घराघरांत पोचवत होता, आणि लोक ते आवडीने बघत होते. विदर्भातल्या या मंत्र्याला कल्पना पटली. 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचं, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं, आणि भाग संपताना अशोककुमार येऊन समजुतीच्या चार गोष्टी सांगणार, असा थाट. पहिल्या काही भागांत कुटुंबनियोजनाचा डोस जरा जास्तच झाला. प्रेक्षक कंटाळले तसा तो विषय हळूच मागे सारला गेला. मालिकेची प्रायोजक कंपनी मात्र खूश होती, कारण तिची नुकतीच बाजारात आलेली ‘दोन मिनिटांची’ मॅगी या मालिकेच्या खांद्यावर बसून मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत शिरली.

त्याहून बोलकी गोष्ट भागवंतीची. दारुडा नवरा, टोचून बोलणारी सासू, तोंडातून ‘ब्र’ न काढणारी ही आई. बायकांनी असं राहू नये हे दाखवण्यासाठीच लेखकाने तिला उभी केली होती. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांशी बोलून पाहिलं तर भलतंच निघालं. कितीतरी प्रेक्षकांना, त्यांत बायकाही आल्या, भागवंतीच आदर्श वाटत होती. सोसणारी बाई पडद्यावर दिसली की आपले डोळे भरून येतात, आणि जिच्यासाठी डोळे भरून येतात तिला चूक कोण म्हणणार? 1991 च्या ‘माहेरची साडी’ या सिनेमाला अख्ख्या महाराष्ट्राने रुमाल भिजवले, ते सासुरवासाच्या निषेधाचे होते की नायिका अलका कुबलच्या सहनशीलतेला दिलेल्या दादेचे, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मनोरंजनाचा समाजावर परिणाम होतो का, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं एकाच खुंटीभोवती फिरतो आहे. चुंबन दाखवलं, शिवी दिली, बाईने दारू प्यायली, की ओरड सुरू. सिनेमात कुणी सिगारेट पेटवली की पडद्याच्या तळाशी धोक्याची पाटी झळकते. अशा जागी प्रेक्षक सावधच असतो, कारण आपल्याला काहीतरी शिकवलं किंवा बिघडवलं जातंय हे त्याला कळतं. जिथे तो बेसावध असतो, तिथे कुणाचं लक्षच नसतं. घर केवढं आहे, मुलं किती आहेत, पैसे कुणाच्या पाकिटातून निघतात, जेवायला आधी कोण बसतं, हे कथेत कुणी मुद्दाम सांगत नाही. ते गृहीत धरलेलं असतं, आणि प्रेक्षकही ते तसंच, तपासून न घेता, घरी आणतो.

याला आधार आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2001 ते 2003 या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारच्या गोव्यातल्या ग्रामीण कुटुंबांची पाहणी केली. त्या दरम्यान काही गावांत केबल नव्याने आली होती. तिथल्या बायकांच्या उत्तरांत फरक पडलेला दिसला. नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह सैल झाला, घरच्या निर्णयांत त्यांचा शब्द थोडा वाढला. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. पुढे त्यांच्या पद्धतीवर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले, तेव्हा ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण तो काळ कोणता होता, हे आठवलं पाहिजे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चा! ज्या सासू-सुनांच्या मालिकांना झाडून सगळे विचारवंत प्रतिगामी म्हणत होते, त्यांचाच तो सुकाळ. मालिका सांगत होती पातिव्रत्य. गावातल्या बाईला दिसत होती ती एकटी गाडीतून जाणारी, फोनवर बोलणारी, स्वतःच्या सहीने व्यवहार करणारी बाई.

ब्राझीलमध्ये तर हे लोकसंख्येच्या आकड्यांतच उतरलं. ग्लोबो वाहिनीच्या 1965 ते 1999 या काळातल्या 115 मालिका संशोधकांनी तपासल्या, तेव्हा पन्नाशीच्या आतल्या 72 टक्के प्रमुख स्त्री व्यक्तिरेखांना मूलच नव्हतं, 21 टक्के जणींना एकच. पटकथेत लेकुरवाळं घर सांभाळणं किचकट पडतं, एवढंही कारण त्यामागे असू शकेल. मात्र जिथे जिथे ग्लोबोचं प्रक्षेपण पोचलं, तिथला जन्मदर इतर भागांपेक्षा अधिक घटला, आणि बाळांची नावं मालिकेतल्या पात्रांवरून ठेवली जाऊ लागली. कुटुंब लहान ठेवा, असं त्या मालिकांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मराठी मालिकांकडे याच नजरेने बघायला हवं. ‘होणार सून मी ह्या घरची’चा बोध काय होता, हे आज कुणाला विचारलं तर सांगता येणार नाही. पण सराफाच्या काउंटरवर आणि नकली दागिन्यांच्या गाडीवर तिच्या नायिकेसारखं मंगळसूत्र ‘जान्हवीचं’ याच नावाने मागितलं जात होतं, हे पुष्कळांना आठवेल. ‘तुझ्यात जीव रंगला’ने केलेलं काम याहून मोठं. कोल्हापुरी बोलणं तोवर बहुधा गडी, हवालदार नाहीतर खलनायक यांच्या वाट्याला यायचं. राणादा नायक होऊन तसंच बोलला आणि ‘चालतंय की’ पुण्या-ठाण्याच्या पोरांच्या तोंडी बसलं. बोलीभाषा जपण्याची व्याख्यानं ऐकून हे झालं नसतं.

आणि मग ‘अग्गंबाई सासूबाई’. 2019 साली आलेल्या या मालिकेत सूनच विधवा सासूचं दुसरं लग्न लावून देते, म्हणून मालिकेचं कौतुक झालं. ते रास्तच. पण तिचा खरा वार दुसरीकडे बसला. या सासूचा, आसावरीचा, लाडावलेला मुलगा सोहम, म्हणजेच बबड्या. बायको कमावती, आई हातात ताट आणून देणारी आणि हा लोळत पडलेला. लॉकडाउनच्या दिवसांत बबड्यावरच्या विनोदांनी मोबाइल भरून वाहत होते. जेवल्यावर ताट तसंच ठेवून उठणाऱ्या मुलाला घरोघरी ‘बबड्या’ म्हणून हाक पडू लागली. आसावरीही भागवंतीसारखीच सोसत होती, निवेदिता सराफ यांनी ती केलीही तेवढ्याच मायेने. फरक इतकाच की इथे प्रेक्षक तिच्यासाठी रडत बसला नाही, तो बबड्याला हसला. शिवाय आसावरीचा होणारा नवरा अभिजीत राजे हा शेफ. पुरुष गॅसपाशी उभा राहतो आणि त्यावर कुणी भाषण देत नाही, हे दृश्य मराठी पडद्यावर तरी दुर्मीळच.

अशी उदाहरणं मोजकी आहेत, याचं कारण वाहिन्यांच्या कचेरीत आहे. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात आणि त्यांच्यावर पुढच्या आठवड्यांची कथा हलते. कानफटात मारण्याचा प्रसंग, देवघरातलं कारस्थान, सुनेला घराबाहेर काढणं, हे हमखास चालणारे पत्ते. लेखकाने ते टाकावेत असं म्हणण्यात अर्थ नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण आकड्यांना धक्का न लावता बदलता येईल असं पुष्कळ काही त्याच दृश्याच्या मागच्या बाजूला असतं. कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका कंपनीला हे उमगलं आणि 2015 पासून तिने धुणं फक्त बायकोचंच का, असं विचारणाऱ्या जाहिराती केल्या. त्याच जाहिरातीच्या आधी आणि नंतर जी मालिका चालते, तिच्यात मात्र चार कमावते पुरुष हॉलमध्ये बसलेले आणि चहाचा ट्रे घेऊन सून आत-बाहेर करते. कारस्थान तेच राहू द्यावं, संवादही तेच. चहा तेवढा दिराने आणावा, आणि त्यावर कुणी काही बोलू नये.